वायफाय जोडलेलं, प्रिंटर चालू, तरी नेट नाही: दोष गेटवेच्या अलीकडे की पलीकडे?

छोटी ऑफिसं, दुकानं, क्लासेस, सोसायटीची कार्यालयं, सीएंकडची सात-आठ टेबलं. अशा ठिकाणांहून येणारी तक्रार बहुतेक वेळा दोन शब्दांची असते, "नेट गेलंय." त्यावरून काहीच कळत नाही. काय चालतंय आणि काय चालत नाही असं विचारलं, की पुढच्यापैकी एखादं चित्र समोर येतं.

लक्षणं

- वायफायची खूण पूर्ण भरलेली दिसते, पण खाली "इंटरनेट नाही" असं लिहिलेलं असतं.
- टॅली चालतं, शेअर केलेलं फोल्डर उघडतं, प्रिंटर छापतो. ब्राउझर मात्र नुसता फिरत राहतो.
- अर्ध्या टेबलांवर नेट आहे पण प्रिंटर सापडत नाही. उरलेल्या अर्ध्यांवर प्रिंटर आहे पण नेट नाही. (हे लक्षण ऐकलं की मला बरं वाटतं, कारण निम्मं निदान फोनवरच होतं.)
- कॅमेरे दुकानातल्या स्क्रीनवर दिसतात, घरून मोबाइलवर दिसत नाहीत.
- जी यंत्रं चालू होती ती चालतात. जे बंद करून पुन्हा सुरू केलं त्याचं नेट जातं.
- व्हॉट्सॅपवर मेसेज जातात, वेबसाइट एकही उघडत नाही.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. आतलं नेटवर्क जिवंत आहे आणि बाहेर जाण्याच्या वाटेवर कुठेतरी अडतंय. आतलंही बंद असेल, म्हणजे शेजारच्या टेबलावरचं फोल्डरसुद्धा उघडत नसेल, तर आधी नेटवर्कचा स्विच (सगळ्या केबली एकत्र जोडणारा डबा), केबल आणि वीज बघा.

यंत्र बाहेर कसं जातं, एवढं तरी माहीत हवं

प्रत्येक यंत्राला चार गोष्टी लागतात: स्वतःचा आयपी पत्ता, सबनेट मास्क, गेटवेचा पत्ता आणि डीएनएसचा, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा, पत्ता. काहीही पाठवण्याआधी ते एक छोटं गणित करतं. समोरचा पत्ता माझ्याच नेटवर्कात बसतो का? पत्ता १९२.१६८.१.२५ आणि मास्क २५५.२५५.२५५.० असेल, तर १९२.१६८.१ ने सुरू होणारे सगळे पत्ते घरचे आणि बाकी सगळं जग बाहेरचं.

घरचा पत्ता असेल तर यंत्र नेटवर्कभर हाक मारतं, "हा पत्ता कोणाचा? तुझा मॅक पत्ता सांग." (मॅक पत्ता म्हणजे प्रत्येक यंत्राच्या नेटवर्क जोडणीचा स्वतःचा क्रमांक.) उत्तर आलं की माल थेट त्याच्या हातात देतं. प्रिंटर आणि टॅली याच वाटेने चालतात. त्यात गेटवेचा काहीच संबंध येत नाही, म्हणून गेटवे मेला तरी छपाई थांबत नाही.

बाहेरचा पत्ता असेल तर यंत्राला पुढचा रस्ता माहीत नसतो, आणि माहीत असण्याची गरजही नसते. गावाबाहेर जायचं तर वेशीपर्यंत जायचं, पुढचं वेशीवरचा बघेल. गेटवे म्हणजे ती वेस; छोट्या ऑफिसात हे काम राउटरच करतो. पाकिटावर जिथे जायचं तो पत्ता, उदाहरणार्थ गूगलच्या डीएनएसचा ८.८.८.८, तसाच राहतो, पण ते गेटवेच्या मॅक पत्त्यावर सुपूर्द केलं जातं. मग राउटर त्यावरचा पाठवणाऱ्याचा आतला खासगी पत्ता काढून स्वतःचा बाहेरचा पत्ता घालतो आणि पुढे ढकलतो. १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते १९९६ पासून खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. जगातल्या लाखो ऑफिसांत तेच पत्ते असतात. ते बाहेर चालत नाहीत, म्हणून ही अदलाबदल.

म्हणजे अडायच्या जागा तीन. यंत्रापासून गेटवेपर्यंत, गेटवेपासून बाहेर, आणि नावाचा पत्ता शोधताना. यातली कुठली हे कळेपर्यंत एकाही सेटिंगला हात लावू नका. लोक नेमकं उलटं करतात: आधी सगळं बदलतात आणि मग कुठे बिघडलं ते शोधतात.

टाचणी आधी खाली ठेवा

राउटरच्या मागच्या बारीक भोकात टाचणी खुपसून दहा सेकंद दाबणं म्हणजे रीस्टार्ट नव्हे. तो रीसेट आहे. त्याने नेटवाल्याने घातलेलं युजरनेम, पासवर्ड, वायफायचं नाव, सगळं पुसलं जातं. आधी एक दोष होता, आता दोन झाले, आणि रविवारी संध्याकाळी नेटवाला फोन उचलत नाही. रीस्टार्ट करायचं तर बटन बंद करून चालू करा, बस.

फुकटातल्या तपासण्या

आधी विचारा, एकाच यंत्राचं नेट गेलंय की सगळ्यांचं? एकाचंच असेल तर दोष त्या यंत्रात किंवा त्याच्या केबलमध्ये. राउटरला हात लावायचा नाही, कारण बाकीच्यांसाठी तो काम करतोय. सगळ्यांचं गेलं असेल तर राउटर किंवा लाइन. काहींचं आहे आणि काहींचं नाही, असं असेल तर ते बहुधा पत्त्यांचं भांडण आहे. त्यावर पुढे सविस्तर.

मोबाइलवर तपासत असाल तर मोबाइल डेटा बंद करा. वायफायवर नेट नसलं की बरेचसे फोन गुपचूप डेटावर जातात आणि तुम्ही म्हणता, "माझ्या फोनवर तर चालतंय."

रिचार्ज संपलाय का ते बघा. हसू नका. महिन्याच्या सुरुवातीला येणाऱ्या फोनांत हे कारण हटकून असतं. काही नेटवाले प्लॅन संपला की लाइन जोडलेलीच ठेवतात आणि फक्त पुढचा रस्ता बंद करतात, त्यामुळे सगळे दिवे हिरवे दिसतात.

फायबरच्या डब्यावरचे दिवे बघा. पॉन लिहिलेला दिवा स्थिर हिरवा हवा. लॉस लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल तर प्रकाशच येत नाहीये. वायर तुटली आहे, फार वाकली आहे किंवा कनेक्टर सुटला आहे. कपाटाखाली दबली असेल तर सैल करा. त्याने लाल दिवा गेला नाही, तर पुढचं काही वाचायची गरज नाही. थेट नेटवाल्याला फोन करा.

एकाच जुन्या कॉम्प्युटरवर सगळ्या वेबसाइट "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणत असतील तर तारीख बघा. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की घड्याळ काही वर्षं मागे जातं आणि सुरक्षा प्रमाणपत्रं अवैध ठरतात. हा नेटचा दोषच नाही.

विंडोजने दाखवलेल्या "इंटरनेट नाही" या खुणेवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. विंडोज मायक्रोसॉफ्टच्या एका ठराविक पत्त्यावरून छोटीशी फाइल आणून बघतं. ती आली नाही की ही खूण लागते. नेट चालू असतानाही ती कधी कधी तशीच राहते.

वीज आणि केबल

रीस्टार्टला क्रम असतो. सगळे डबे बंद करा. आधी फायबरचा डबा चालू करा आणि त्याचे दिवे स्थिर होईपर्यंत थांबा, दोन-तीन मिनिटं तरी. मग राउटर. मग कॉम्प्युटर. राउटर आधी उठला तर त्याला वरून पत्ता मिळत नाही, आणि काही स्वस्त राउटर पुन्हा मागायचा कंटाळा करतात.

अॅडॉप्टर तपासा. राउटरच्या पोटावर १२ व्होल्ट १ अँपिअर लिहिलं असेल तर १२ व्होल्टचाच आणि निदान १ अँपिअरचा हवा. सेट-टॉप बॉक्सचा ९ व्होल्टचा अॅडॉप्टर पिनमध्ये नीट बसतो, दिवेही लागतात, पण चार लोक वायफायवर आले की राउटर धापा टाकतो आणि पुन्हा सुरू होतो. "इन्व्हर्टरवर गेलं की नेट जातं" या तक्रारीमागेही अनेकदा थकलेला अॅडॉप्टरच असतो. बदलून बघणं सोपं आहे, म्हणून आधी करा.

केबलची क्लिप बाहेर काढून परत लावा, 'टक्' आवाज यायला हवा. पोर्टवरचा दिवा लागत नसेल तर चालू असलेली दुसरी केबल लावून बघा. तरीही दिवा नाही, तर पोर्ट गेला. वळवाच्या पावसात विजा चमकल्या की दुसऱ्या दिवशी हमखास असे पोर्ट सापडतात, विशेषतः गच्चीवरून किंवा दोन इमारतींमधून तांब्याची केबल ओढली असेल तर.

स्विचवरचे सगळे दिवे एकदम, न थांबता लुकलुकत असतील आणि आतलंही सगळं रखडलं असेल, तर एकाच केबलची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये गेलेली नाहीत ना ते बघा. सफाईच्या वेळी लोंबणारी केबल कोणीतरी 'नीट' लावून टाकतं. ती काढली की काही सेकंदांत सगळं शांत होतं.

पत्ता वाचा

इथून पुढे कॉम्प्युटर लागेल. विंडोजचा कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडा आणि आयपीकॉन्फिग (ipconfig) ही आज्ञा द्या (अक्षरं आणि आकडे अर्थातच इंग्रजीत). अँड्रॉइड फोनवर हेच वायफायच्या तपशिलात दिसतं. तीन ओळी वाचायच्या: पत्ता, मास्क, डिफॉल्ट गेटवे.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर यंत्राला पत्ता देणारं कोणी भेटलेलंच नाही. हाक मारून थकल्यावर त्याने स्वतःच एक पत्ता घेतला. याचा अर्थ राउटरपर्यंत पोचायची वाट तुटली आहे किंवा राउटरमधली पत्ते वाटणारी डीएचसीपी सेवा बंद आहे. केबल, स्विच, वायफायचा पासवर्ड, या क्रमाने बघा.

पत्ता ठीक आहे पण गेटवेची ओळ रिकामी आहे? मग कोणीतरी हाताने पत्ता घातलाय आणि गेटवे लिहायचा राहिलाय. आतलं सगळं चालेल, बाहेरचं काहीच नाही. बाहेरच्या पत्त्याला पिंग केलंत, म्हणजे हाक मारून उत्तर येतं का ते बघितलंत, तर "जनरल फेल्युअर" असं उत्तर येतं, कारण माल कोणाच्या हाती द्यायचा हेच यंत्राला ठाऊक नसतं.

गेटवे आहे, पण पत्त्याशी त्याचा मेळ नाही. उदाहरणार्थ पत्ता १९२.१६८.०.१५ आणि गेटवे १९२.१६८.१.१. २५५.२५५.२५५.० मास्कमध्ये हे दोघे वेगळ्या गावचे. वेसच परगावात असेल तर तिथवर जाणार कसं?

तिन्ही ओळी बरोबर दिसत असतील तर पुढे चला.

पिंगची शिडी

आधी गेटवेला पिंग करा. मग ८.८.८.८ किंवा १.१.१.१ ला. मग एखाद्या वेबसाइटच्या नावाला. क्रम बदलू नका, कारण प्रत्येक पायरी वर सांगितलेल्या तीन जागांपैकी एक तपासते.

गेटवेकडून उत्तर आलं आणि ८.८.८.८ कडून आलं नाही, तर तुमचं आतलं घर ठीक आहे. दोष राउटरमध्ये किंवा त्याच्या पलीकडे. ८.८.८.८ कडून आलं आणि नावाला आलं नाही, तर दोष डीएनएसचा. गेटवेकडूनच आलं नाही, तर बाहेरच्या लाइनला शिव्या देऊन उपयोग नाही.

उत्तर आलं नाही म्हणजे काय आलं तेही वाचा, लोक ते वाचतच नाहीत. "डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल" आलं आणि त्याआधी तुमचाच पत्ता लिहिलेला असेल, तर तुमच्या यंत्राने गेटवेला हाक मारली आणि कोणी ओ दिली नाही. तीच ओळ गेटवेच्या पत्त्यासह आली, तर गेटवेपर्यंत माल पोचला आणि पुढे रस्ता नाही असं तोच सांगतोय. नुसतं "रिक्वेस्ट टाइम्ड आउट" म्हणजे माल गेला, परत काही आलं नाही.

एक अपवाद. काही राउटर आणि फायरवॉल पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत. अशा वेळी एआरपी ही आज्ञा ए पर्यायासह (arp -a) द्या. यादीत गेटवेच्या पत्त्यासमोर मॅक पत्ता दिसला तर भेट झालेली आहे, फक्त तो बोलत नाही.

तो मॅक पत्ता राउटरच्या स्टिकरवरच्या पत्त्याशी ताडून बघा. शेवटच्या एखाद्या अक्षराचा फरक चालतो, कारण एकाच डब्याच्या वेगवेगळ्या बाजूंना लागोपाठचे पत्ते असतात. पण सुरुवातीच्या तीन जोड्याच निराळ्या असतील तर गेटवेच्या नावावर दुसराच कोणी बसला आहे. कोणीतरी प्रिंटरला, डीव्हीआरला (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्याला) किंवा दुसऱ्या राउटरला तोच पत्ता दिलाय. मिनिटभर नेट, मिनिटभर नाही, असा लपंडाव यातूनच होतो. संशय असलेली केबल एकेक करून स्विचमधून काढा, चोर सापडतो.

दोन राउटर, दोन वाटप करणारे

मला सर्वात जास्त वेळा भेटलेला दोष हा. वायफाय मागच्या खोलीत पोचत नाही म्हणून कोणीतरी जुना राउटर आणतं, फायबरच्या डब्यातून आलेली केबल त्याच्या पिवळ्या लॅन पोर्टात (आतली यंत्रं जोडायच्या जागी) लावतं, आणि काम झाल्यासारखं वाटतं. संध्याकाळपर्यंत चालतंही.

आता काय झालं? फायबरचा डबा १९२.१६८.१.१ वर बसून पत्ते वाटतोय. जुना राउटर १९२.१६८.०.१ वर बसून तेच करतोय. बऱ्याच टीपी-लिंक आणि डी-लिंक राउटरांचा मूळ पत्ता हाच असतो. दोघंही एकाच स्विचवर. नवं यंत्र जोडलं की ते सगळ्यांना विचारतं, "मला पत्ता कोण देईल?" ज्याचं उत्तर आधी आलं त्याचा पत्ता ते घेतं. जुन्या राउटरने दिला तर गेटवे म्हणूनही तो स्वतःचंच नाव सांगतो. पण त्याचा निळा वॅन पोर्ट, म्हणजे बाहेरची लाइन जोडायची जागा, रिकामा आहे. माल त्याच्या दारात पोचतो आणि तिथेच संपतो.

आता लक्षणांच्या यादीत परत बघा. आधीपासून चालू असलेली यंत्रं जुनाच पत्ता धरून असतात, म्हणून चालतात. बंद करून सुरू केलेलं यंत्र नव्याने हाक मारतं आणि चुकीच्या हाती लागतं. प्रिंटर १९२.१६८.१ च्या गावात आहे, म्हणून ज्यांना नेट आहे त्यांना प्रिंटरही आहे. प्रिंटर नेमका दुसऱ्या गावात असेल तर मघाचं ते अर्धं-अर्धं चित्र तयार होतं.

खात्री करायला आयपीकॉन्फिग ही आज्ञा ऑल पर्यायासह (ipconfig /all) दोन वेगवेगळ्या कॉम्प्युटरवर द्या आणि "डीएचसीपी सर्व्हर" ही ओळ वाचा. दोन ठिकाणी दोन वेगळे पत्ते आले तर प्रकरण संपलं.

उपाय दोन आहेत. पहिला: केबल लॅनमधून काढून वॅन पोर्टात लावा. मग जुना राउटर स्वतःचं वेगळं गाव वसवतो आणि बाहेरच्या वाटेसाठी फायबरच्या डब्याकडे जातो. नेट चालेल, पण त्याच्या वायफायवरून पुढच्या खोलीतला प्रिंटर आपोआप सापडणार नाही. दुसरा उपाय मला जास्त पटतो. केबल लॅनमध्येच ठेवा, जुन्या राउटरमध्ये जाऊन डीएचसीपी बंद करा आणि त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२५० असा कोणाला न दिलेला करून ठेवा. मग तो फक्त वायफाय पसरवतो आणि सगळं ऑफिस एकाच गावात राहतं. अनेक राउटरांत "अॅक्सेस पॉइंट मोड" नावाचं बटन हेच काम करतं. पत्ता बदलण्याआधी तो कागदावर लिहून राउटरलाच चिकटवा, नाहीतर पुढच्या वेळी त्याच्या पानावर जाणार कसं?

वॅनमध्ये केबल लावली तरी एक खोडा उरतो. दोन्ही डबे १९२.१६८.१.१ वरच असतील तर मधल्या राउटरच्या आतही तेच गाव आणि बाहेरही तेच. कुठला पत्ता कुठल्या बाजूला हे त्याला ठरवता येत नाही. नवे राउटर हे ओळखून स्वतःचा पत्ता बदलतात, जुने तसेच गप्प बसतात. आतला पत्ता १९२.१६८.१०.१ करा.

हे सगळं केल्यावर प्रत्येक यंत्रावर आयपीकॉन्फिगला रिलीज (ipconfig /release) आणि मग रिन्यू (ipconfig /renew) सांगा, किंवा यंत्र रीस्टार्ट करा. तोपर्यंत ते जुना चुकीचा पत्ताच धरून बसतं.

नेटवाला बदलला, पत्ते जुनेच राहिले

हा दुसऱ्या क्रमांकाचा. जुन्या कनेक्शनचा राउटर १९२.१६८.०.१ वर होता. टॅलीचा कॉम्प्युटर, प्रिंटर, डीव्हीआर यांना तेव्हाच्या माणसाने हाताने पक्के पत्ते दिले होते, आणि ते बरोबरच होतं, कारण अशा यंत्रांचा पत्ता बदलत राहिला तर काम चालत नाही. नवा फायबर आला, डबा १९२.१६८.१.१ वर. मोबाइल आणि लॅपटॉप लगेच नव्या गावात गेले. पक्के पत्तेवाले जुन्या गावात जुन्या वेशीकडे बघत राहिले.

सगळेजण एकेका यंत्रावर जाऊन पत्ता बदलायला लागतात. त्यापेक्षा नव्या डब्याचाच आतला पत्ता १९२.१६८.०.१ करा. एक बदल, आणि बाकी सगळं जागच्या जागी उभं राहतं. फक्त डीएचसीपी वाटपाची हद्द, उदाहरणार्थ १०० ते २००, पक्क्या पत्त्यांवर येणार नाही एवढं बघा, नाहीतर उद्या एखाद्या पाहुण्याच्या मोबाइलला प्रिंटरचा पत्ता मिळेल. नेटवाल्याने डब्याचं पान कुलूपबंद केलं असेल तर त्याच्याकडून करून घ्या. फोनवरून दूरवरूनच होणारं काम असतं.

डीव्हीआरमध्ये पत्त्याबरोबर गेटवे आणि डीएनएस या दोन्ही ओळी भरलेल्या हव्यात. दुकानातल्या स्क्रीनला त्यांची गरज नसते, मोबाइल अॅपला असते.

एका यंत्राला दोन वेशी

लॅपटॉपला टॅलीसाठी केबल लावलेली आणि नेटसाठी वायफाय किंवा मोबाइलचा हॉटस्पॉट. केबलच्या सेटिंगमध्येही गेटवे भरलेला असेल तर विंडोज सहसा केबलच निवडतं, कारण ती वेगवान. त्या केबलच्या पलीकडे नेट नसेल तर सगळा माल आंधळ्या गल्लीत. राउट प्रिंट (route print) ही आज्ञा देऊन "अॅक्टिव्ह राउट्स"खाली ०.०.०.० ने सुरू होणाऱ्या ओळी मोजा. दोन आल्या तर ज्या बाजूला नेट नाही तिथला गेटवे पुसून टाका. पत्ता आणि मास्क राहू द्या, टॅलीला तेवढं पुरतं. व्हीपीएन (सगळी ये-जा दुसऱ्याच वाटेने नेणारी जोडणी) चालू राहिल्यानेही असंच होतं. ते बंद करून बघा.

नाव सापडत नाही

८.८.८.८ ला पिंग जातं, नावाला जात नाही. डीएनएसच्या जागी ८.८.८.८ आणि १.१.१.१ घाला. प्रत्येक यंत्रात न घालता राउटरच्या डीएचसीपी पानावर घाला. काम झालं.

काही वेबसाइट उघडतात, काही अर्ध्यात अडकतात

राउटरमध्ये युजरनेम-पासवर्ड घालून चालणाऱ्या पीपीपीओई लाइनवर हे दिसतं. नेहमीचं पाकीट १५०० बाइटचं, पीपीपीओई त्यातले ८ स्वतःसाठी घेतं, उरतात १४९२. राउटरच्या वॅन पानावर एमटीयू (पाकिटाचा कमाल आकार) १५०० असेल तर १४९२ करा. खात्रीसाठी ८.८.८.८ ला पिंग करताना तुकडे न करण्याचा एफ पर्याय आणि आकारासाठी एल पर्याय वापरून १४६४ द्या (ping -f -l 1464 8.8.8.8). बाकीचे २८ बाइट वरच्या वेष्टनाचे असतात. १४६४ गेलं आणि १४७२ अडलं, तर निदान बरोबर.

राउटरच्या पलीकडे

राउटरच्या पानावर जाऊन वॅनचा पत्ता बघा. ०.०.०.० असेल तर नेटवाल्याकडून काहीच मिळालेलं नाही. केबल ठीक असेल तर युजरनेम-पासवर्ड गेलाय, किंवा नेटवाल्याकडे तुमच्या जुन्या राउटरचा मॅक पत्ता नोंदवलेला आहे आणि तुम्ही राउटर बदललाय. दोन्ही त्याच्याच हातात.

वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल तर नेट चालेल, पण बाहेरून आत येता येणार नाही. पत्त्यांची टंचाई आहे म्हणून नेटवाला अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतो. कॅमेऱ्यांसाठी पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली मागणी आतल्या यंत्राकडे वळवणारी सेटिंग) करून डोकं फोडू नका, ते होणारच नाही. कॅमेऱ्याच्या कंपनीची क्लाउड सेवा वापरा किंवा नेटवाल्याकडून पक्का सार्वजनिक पत्ता विकत घ्या.

इथे थांबा

लॉसचा दिवा लाल असेल, तर फायबर जोडणं हे यंत्राचं आणि सरावाचं काम आहे. सेलोटेपने जुळत नाही. सुटलेल्या टोकात डोकावून बघू नका. त्यातला लेसर डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो. डब्याच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाची पातळी उणे २७ डीबीएमच्या आसपास किंवा त्याहून खाली दिसत असेल तर लाइन काठावर आहे. थोडी हलली की नेट जाईल. आकडा लिहून घ्या आणि नेटवाल्याला सांगा.

केबलच्या क्लिपला किंवा राउटरच्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर सगळं सोडा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा, नेटवाल्याला नंतर. अर्थिंगचा दोष आहे. विजेच्या खांबावरून आलेल्या केबलला तर स्वतः कधीच हात लावू नका.

ऑफिसात सेटिंग असलेला मोठा स्विच असेल, त्यात व्हीलॅन (एकाच स्विचवरची वेगवेगळी नेटवर्कं) पाडलेले असतील किंवा वेगळा फायरवॉलचा डबा असेल, तर ज्याने बसवला त्यालाच बोलवा. तिथे गेटवे एक नसतो, खात्यागणिक वेगळा असतो, आणि अंदाजाने केलेला एक बदल तीन खाती बंद पाडतो. बँक, दवाखाना, सरकारी कार्यालय इथल्या जोडणीला तर परवानगीशिवाय केबलही काढू नका.

वरच्या सगळ्या तपासण्या करूनही रोज ठराविक वेळी नेट जात असेल, तेव्हाही माणूस बोलवा. त्याला फोन करताना "नेट गेलंय" म्हणू नका. किती यंत्रांवर गेलं, आयपीकॉन्फिगच्या तीन ओळी, गेटवेचं पिंग, ८.८.८.८ चं पिंग, वॅनचा पत्ता आणि डब्यावरचे दिवे, एवढं कागदावर लिहून वाचून दाखवा. स्क्रीनचा फोटो पाठवलात तर आणखी चांगलं. नेटवाल्याकडून तक्रार क्रमांक घ्यायला विसरू नका.